भाच्याला अठरा प्लसचा गेम देणारे मामा

अबोली
काल इथल्याच एका धाग्यावर 'मुलुंडचा_मामा' यांनी लिहिलं: "चौदा वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला जीटीए फाइव्ह दिला तर ताई माझ्यावरच भडकली. आजकालच्या पोरांना सगळं ठाऊक असतं, उगाच बाऊ कशाला?" खाली +१ चा पाऊस पडला. ते वाचून डोकं फिरलं. तिथे चार ओळीत मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

+१ देणाऱ्यांतल्या कितीजणांनी तो गुन्हेगारीवरचा व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळला आहे? मी खेळले आहे. त्यात एक मिशन आहे. एका माणसाला खुर्चीला बांधलंय. तो पहिल्यापासून ओरडतोय, की सगळं सांगतो, फक्त मारू नका. समोर टेबलावर पाना, पक्कड, गाडीच्या बॅटरीच्या वायरी आणि पाण्याचा कॅन. काय उचलायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पक्कड घेतली की कंट्रोलरची काडी अंगठ्याने गोल फिरवत राहायची, मग दात उपटून येतो. त्याचं हृदय बंद पडलं तर इंजेक्शन देऊन उठवायचं आणि पुन्हा सुरू. लिहिणाऱ्यांना त्यातून छळाविरुद्धच बोलायचंय हे मला कळतं, कारण मी चाळिशीची आहे. चौदाव्या वर्षी हातात कंट्रोलर असताना ते कळेलच असं नाही.

दुसरं. ही रेटिंगं कुठल्या संस्कृतिरक्षकाने काढलेली नाहीत. अमेरिकेत 1993 साली गेममधल्या हिंसेवरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि सरकारने कायदा करण्याआधी धंद्यातल्याच लोकांनी 1994 मध्ये ईएसआरबी, म्हणजे गेमला वयाचं रेटिंग देणारं मंडळ, उभं केलं. त्यांच्याकडे जीटीए फाइव्ह 'एम', म्हणजे सतरा वर्षांपुढे. पेगी या युरोपातल्या तशाच रेटिंग पद्धतीत अठरा. म्हणजे विकणाराच सांगतोय की हे पोरांसाठी नाही, आणि आपण म्हणतोय चालतं हो.

आपल्याकडे दुकानदाराला वय विचारायला लावणारा असा कायदा गेमला नाही. त्यामुळे पोरगा आणि तो गेम यांच्यात पैसे देणारा मोठा माणूस, एवढीच काय ती अडवणूक उरते. ती मामाने परस्पर काढून टाकायची आणि वर ताईला बुरसटलेली ठरवायचं? पोरगं तिचं आहे. निर्णय तिचा आहे. तिला विचारलं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

रातकिडा
आमची अख्खी पिढी जीटीएचाच जुना भाग, व्हाइस सिटी, खेळून मोठी झाली. सायबर कॅफेत वीस रुपये तास, कॉपी केलेल्या सीडीवर. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असायचे. त्यातला एक आज सीए आहे, एक तलाठी, एकाचं दुधाचं संकलन केंद्र आहे. कोणी रस्त्यात गाड्या पळवत नाही.

अभ्यास हवे असतील तर ऑक्सफर्डचा 2019 चा बघा. ब्रिटनमधली चौदा-पंधरा वर्षांची सुमारे हजार मुलं होती, हिंसक गेम आणि आक्रमक वागण्याचा संबंध सापडला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये सांगितलं, की खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. पोरांवर विश्वास ठेवायला शिका जरा.

अबोली
रातकिडा, मुलं खुनी होतील असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. याच संघटनेने त्याच ठरावात आरडाओरडा, ढकलाढकली अशा लहान प्रमाणातल्या आक्रमकतेशी थोडा संबंध असल्याचंही म्हटलंय. ते तुम्ही सोयीने गाळलंत. आणि सगळं बिनधोक निघालं तरी आईला डावलण्याचा प्रश्न उरतोच.

निवांत_दुपार
मी आई आहे आणि मी घेऊन दिलाय. जीटीए नाही, 'द लास्ट ऑफ अस'. त्यालाही पेगीचं अठराच आहे. लेक तेव्हा पंधराचा होता. अट एकच, हॉलमध्ये खेळायचं आणि मी सोफ्यावर बसणार.

सुरुवातीलाच बापाच्या हातात मुलगी जाते. लेकाने कंट्रोलर खाली ठेवला आणि मला विचारलं, "आई, त्या सैनिकाने गोळी का मारली? त्याला तर दिसत होतं ना ती लहान आहे." त्या रात्री आम्ही जेवायचं सोडून बोलत बसलो होतो. दहावीच्या वर्षात तो माझ्याशी एरवी हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हता.

दोन्ही डब्यांवर 18 च लिहिलंय, पण आतला माल एक नाही. अबोलीताई, तुम्ही आकडा बघून बंदी घालताय. मी गेम बघून ठरवलं.

अबोली
बंदी मी घालतच नाहीये. तुम्ही आई आहात, तुम्ही ठरवलंत, शेजारी बसलात. याला माझा विरोध नाही. मामा डबा देऊन मुलुंडला निघून गेले.

वऱ्हाडी_ठेचा
आपल्याकडे रेटिंगला विचारतं कोण? सिनेमाचं घ्या. 2024 पासून सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग केले, पण ते पालकांसाठी सूचना म्हणून. अडवतात फक्त 'ए' ला. आमच्या सतरा वर्षांच्या पोरीला आई-बाप सोबत असताना दारातून परत पाठवलं. तिकिटाचे पैसे गेले, पार्किंगचे गेले. तोच सिनेमा दोन महिन्यांनी घरी मोबाइलवर तिने पाहिला. मग दारातल्या त्या माणसाने नेमकं काय वाचवलं?

बिनतारी
कोणी विचारत नाहीये म्हणून विचारतो. भाच्याचं गेमचं अकाउंट कोणाच्या जन्मतारखेने काढलंय?

प्लेस्टेशनवर मुलाचं खरं वय टाकलं तर ते खातं पालकांच्या खात्याखाली जातं. मग वयाची मर्यादा, खर्चाची मर्यादा, खेळायची वेळ, अनोळखी लोकांशी बोलणं, सगळं आईच्या फोनवरून ठरवता येतं. पण दहातल्या आठ घरांत मी बघतो (कन्सोल जोडून द्यायला मलाच बोलावतात), पोराची जन्मतारीख 1 जानेवारी 1990 टाकलेली असते. एकदा मोठ्याचं खातं झालं की त्यावर यातलं काहीही लागू होत नाही, आणि तारीख नंतर सहज बदलूही देत नाहीत. गेम कुठला यापेक्षा ही खोटी तारीख जास्त नुकसान करते. बापच शेजारी बसून पोराला सांगतो, नव्वद टाक.

वऱ्हाडी_ठेचा
खोट्या जन्मतारखेचं महाराष्ट्राला कसलं अप्रूप? निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो. मास्तरांनी ठोकून दिलेल्या तारखा. माझ्या वडिलांचा जन्म प्रत्यक्षात दोन वर्षं नंतरचा. 31 मेला सेवानिवृत्त केलं. दोन वर्षांचा पगार बुडाला, तेव्हा धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं. एका मास्तरच्या आळसापायी.

खडूफळा
आळस हा शब्द मागे घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आणि माझे वडीलही मास्तर होते. जूनमध्ये पटनोंदणीला आई पोराला कडेवर घेऊन यायची. कधी जन्मला विचारलं तर म्हणायची, "कोयनेचा भूकंप झाला तवा पोटात हुता." दाखला नाही, नोंद नाही. मग पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. पोचला हात, घे पहिलीत. 1 जूनला वय पूर्ण दाखवलं नसतं तर पोरगं वर्षभर घरी बसलं असतं, आणि वर्षभर घरी बसलेलं पोरगं गुरांमागे जायचं, शाळेत परत येत नसे. तुमचे वडील नोकरीला लागले ते त्याच तारखेमुळे शाळेत बसले म्हणून.

वऱ्हाडी_ठेचा
वडिलांनी शाळा शिकली ती आजीने हाताची कातडी सोलवटून. श्रेय कोणाला द्यायचं ते मला शिकवू नका.

रातकिडा
माझ्या दोन्ही चुलत्यांची 1 जून. एकाच वर्षाची! जुळे नाहीत.

निवांत_दुपार
सासऱ्यांचीही तीच. आधारवर दुरुस्त करायला गेलो तर शाळा सोडल्याचा दाखला मागितला, आणि दाखल्यावर 1 जून.

बिनतारी
खडूफळा गुरुजी, तुमच्या वडिलांनी वय वाढवलं ते पोराला आत घेण्यासाठी, आणि जबाबदारी स्वतः घेऊन. इथे वय वाढवतात ते मोठ्यांना मागून कटकट नको म्हणून. मला या दोन गोष्टी एका पारड्यात घालायच्या नाहीत.

खडूफळा
हे मान्य. शब्द वापरलात 'खोटी तारीख', म्हणून राग आला. आमच्यासाठी ती पोटतिडकीची गोष्ट आहे.

अबोली
अवांतरासाठी वेगळा धागा काढा, मीही तिथे लिहीन. माझ्या वडिलांचीही 1 जूनच आहे. इथे मामांच्या उत्तराची मी वाट बघतेय.

रातकिडा
उत्तर कसलं मागताय? तुम्ही काय बालहक्क आयोग आहात? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कॅलिफोर्नियाचा मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. गेम हीसुद्धा अभिव्यक्ती आहे म्हणून. तिथे दुकानदाराला मोकळीक, आणि इथे मामाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय.

अबोली
त्या खटल्यात कोर्टाने सरकारला अडवलं, आईला नाही. उलट आई-बापांना ठरवायला मदत करणारी रेटिंगची सोय आधीच आहे, हे तिथे न्यायाधीशांनी धरलंय. आणि ब्रिटनमध्ये 2012 पासून पेगीचा 12, 16, 18 चा गेम त्या वयाखालच्या मुलाला विकणं हा दुकानदाराचा गुन्हा आहे, पण आईने विकत घेऊन मुलाला देणं गुन्हा नाही. दोन्ही देशांत शेवटचा शब्द घराचा. मी तेवढंच म्हणतेय आणि तुम्ही आयोग काढताय.

मुलुंडचा_मामा
सगळं वाचलं. माझ्या नावाने धागा काढलात तर माझंही ऐका.

ताई आणि दाजी मस्कतला. भाचा इथे आजीजवळ राहतो, इंग्रजी शाळेत नवीन. वर्गातली मुलं रात्री जीटीए ऑनलाइनवर भेटतात आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्याचंच बोलणं. हा बाजूला बसून पोळी-भाजी खातो. मला आजीने सांगितलं, त्याने नाही. मी काय करायला हवं होतं? बुद्धिबळाचा पट द्यायचा? ताईला महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर तो हसताना दिसतो. रोजचा तो मला दिसतो. "पोरगं तिचं आहे" हे टाइप करायला सोपं आहे.

आता त्याला मित्र आहेत. माझा फोनही उचलतो. डिस्क मी परत घेणार नाही.

निवांत_दुपार
मामा, हे आधी लिहायला हवं होतं. "उगाच बाऊ" वाचून आम्हा सगळ्यांना वेगळंच वाटलं.

अबोली
मामा, भाच्याचं एकटेपण तुम्ही पाहिलंत, आणि इतक्या लांबून मी ते पाहू शकत नव्हते. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण ताई मस्कतला आहे म्हणून तिला विचारायची गरज कमी होत नाही, वाढते. लांब राहून तिच्या हातात ठरवण्याखेरीज दुसरं उरतंच काय? तुम्ही हेच तिला आधी सांगितलं असतं, तर तिने कदाचित हो म्हटलं असतं. आणि ऑनलाइनमध्ये 2019 पासून कॅसिनोही आहे. तिथल्या चिप्स खेळातल्या पैशांनी मिळतात आणि खेळातले पैसे खऱ्या रुपयांनी. कार्ड कोणाचं जोडलंय?

मुलुंडचा_मामा
माझं. काढतो. ताईशी रविवारी बोलेन, पण माफी मागायला नाही.

बिनतारी
कार्ड आजच काढा. खातं वाढीव वयाने काढलं असेल तर त्याच्या खऱ्या वयाचं नवीन खातं ताईच्या खात्याखाली काढा. फॅमिलीची सूत्रं मस्कतहूनही हलवता येतात. खऱ्या वयाचं खातं काढलं की अठराचा गेम आपोआप अडेल, तो ताईने मोकळा करायचा. ऑनलाइनची वर्गणी वेगळी भरावी लागते, तीही तिच्याकडूनच भरून घ्या. आणि पोराला दाखवा, ऑनलाइनमध्ये शिरताना फक्त आमंत्रितांचं सत्र निवडायचं. मग वर्गातली मुलं भेटतील आणि तिशीतले शिव्या देणारे बाप्ये भेटणार नाहीत.

रातकिडा
म्हणजे शेवटी गेम खेळायचाच आहे. मग एवढा वेळ भांडलो कशावर?

अबोली
तो "मोकळा कर" चा पर्याय ताईच्या फोनवर यायला हवा होता, यावर.

वऱ्हाडी_ठेचा
खडूफळा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वडिलांच्या शाळेचं जुनं पटबुक कुठे बघायला मिळेल ते सांगा.