कडबा पसरा, तण विसरा? जरा थांबा!

घोडबंदरकर: गच्चीबागेच्या ग्रुपवर कालपासून एकच फॉरवर्ड फिरतोय: ‘कुंडीत ज्वारीचा कडबा पसरा, तण रुजणारच नाही.’ अर्धवट माहिती! ज्वारीच्या मूळरोमांतून सॉर्गोलिओन नावाचं रसायन पाझरतं, ते कोवळ्या तणाचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. पण ते जिवंत मुळांतून. कडब्यातून पाण्यात उतरतात ती तण रोखणारी फिनॉलिक आम्लं, आणि मातीतले जिवाणू ती लवकर फस्त करतात. शिवाय बारीक बी जास्त मार खातं. मग त्याच कुंडीत माठ पेरलात तर तो काय जावई आहे?

नेरूळची गच्ची: माझ्या वांग्यांत अख्खा पावसाळा तण नव्हतं. डोळ्यांनी पाहिलंय.

घोडबंदरकर: ऊन अडलं की तण कमी होतंच. शेजारच्या कुंडीत उसाचं पाचट घालून पाहिलंत?

नेरूळची गच्ची: मी भाजी लावते, प्रयोगशाळा नाही चालवत.

शहापूरकर: ठाणे जिल्ह्यात ज्वारीचं कौतुक कशाला? भाताची मुळंही मोमिलॅक्टोन-बी हे तण रोखणारं रसायन सोडतात, काही वाण जास्त, काही कमी. तरी आमची आजी राब भाजल्याशिवाय रोप टाकत नसे. वाफ्यावर शेण, कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा पेटवला की वरच्या थरातलं तणाचं बी खलास.

ऐरोलीकर: आणि ऐनाची झाडं बोडकी होतात ती? धूर वेगळाच.

शहापूरकर: ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहून आम्हाला धुराचं सांगता? चार कुंड्या लावल्या की शेतकऱ्याला अक्कल शिकवायची!

ऐरोलीकर: कुंड्या नाहीत माझ्याकडे. लहानपण मुरबाडला गेलं. राबासाठी ऐनावर मीच चढायचो, खांदे सोलपटायचे. पुढे काकांनी न भाजता गादीवाफ्यावर रोप केलं, तण हाताने काढलं. भात पिकलाच की.

शहापूरकर: हाताने कोणी काढलं? घरच्या बायकांनी ना? आज बेणणीला माणूस आणून दाखवा, मजुरी विचारा, मग बोला.

वाशीची सोलापूरकरीण: धागा ज्वारीचा होता ना? टारफुला हे तण विसरलात सगळे. ज्वारीच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन ही रसायनं सुटतात, त्यांनीच टारफुल्याचं बी जागं होतं आणि ज्वारीच्याच मुळाला चिकटतं. आमचं एक रान त्यापायी वडिलांनी ज्वारीला कायमचं बंद केलं. म्हणे तण मारणारं पीक!

घोडबंदरकर: बरं बाई, हा मुद्दा तुमचा. पण तो परजीवी, बाकीच्या तणांचं गणित वेगळं.

नेरूळची गच्ची: म्हणजे कडबा घालू की नको?

घोडबंदरकर: वांग्याला घाला, रोप मोठं असतं. माठ पेरायच्या कुंडीत नको.

नेरूळची गच्ची: हे आधीच सांगायचं ना! एवढं भाषण कशाला?

शहापूरकर: ऐरोलीकर, मजुरीचं उत्तर राहिलंय.