व्होल्टेज कमीजास्त करता येणारं नवीन व्हेप डिव्हाइस येतंय, थांबू का आहे त्यावरच भागवू?

रेडिंगचा_रांगडा

नमस्कार मंडळी, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडात रेडिंगला. तेरा वर्षं सिगरेट ओढली, मग डिस्पोजेबल व्हेपवर (वापरून फेकायच्या ई-सिगरेटवर) आलो आणि सिगरेट सुटली. जून २०२५ मध्ये इथे डिस्पोजेबलच बंद केल्या, तेव्हापासून एक साधी पॉड (लिक्विड भरून पुन्हा पुन्हा वापरायची छोटी व्हेप) वापरतोय, बटण नाय काय नाय, ओढलं की चालू. पण त्याचा वैताग असा की सकाळी फुल्ल चार्ज असताना घसा जाळते आणि संध्याकाळी ऑफिसातून निघेपर्यंत नुसती वाफ, चवच नाय.

आता एक नवीन डिव्हाइस येतंय ज्याला बाजूला छोटं चाक आहे, ते फिरवून व्होल्टेज आपल्याला पाहिजे तेवढं ठेवता येतं. नाव मुद्दाम टाकत नाय, नायतर जाहिरात वाटेल. मी व्हिडिओ बघून बघून पाठ केलेत राव, बायको म्हणते बाळाच्या सोनोग्राफीला एवढं निरखून बघितलं नव्हतंस. एका दुकानात प्रीऑर्डर केली, पैसे घेऊन पाच आठवडे झाले आणि तारीख तीनदा पुढे ढकलली.

प्रश्न दोन. एक, व्होल्टेज बदलता येण्याने खरंच एवढा फरक पडतो का, की नुसती हवा आहे? दोन, दिवाळीला घरी जायचंय, तोवर हे हातात आलं तर सोबत न्यायचं का?

ओहमशांती

भावा, तुझी तगमग ओळखीची आहे. २०१२ च्या सुमाराला आम्ही जॉयटेक कंपनीच्या ईगो सी ट्विस्ट या व्हेपसाठी असेच डोळे लावून बसलो होतो, पेनाएवढी बॅटरी आणि तिच्या बुडाला गोल चाक, ३.२ ते ४.८ व्होल्ट. तेव्हा ते म्हणजे आकाशच ठेंगणं झालेलं.

फरक पडतो, पण तुला वाटतोय तिथे नाही. तुझ्या पॉडमध्ये बहुतेक बॅटरीचं व्होल्टेज थेट कॉइलला, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेला, जात असणार. लिथियमची बॅटरी फुल्ल असताना ४.२ देते आणि उतरत उतरत ३.३ च्या आसपास येते. आता गणित बघ, व्होल्टेजचा वर्ग भागिले कॉइलचे ओहम (तारेचा रोध) म्हणजे वॉट. तुझी कॉइल १.२ ओहमची धरली तर सकाळी साधारण पंधरा वॉट आणि संध्याकाळी नऊ. व्होल्टेज थोडंसंच पडलं पण वर्ग असल्यामुळे उष्णता धाडकन खाली येते, तुझा घसा आणि तुझी चव दोन्हीचं कोडं हेच आहे. चांगल्या डिव्हाइसमधलं सर्किट ३.६ म्हटलं की बॅटरी उतरली तरी ३.६ च देतं, खरा फायदा तो. चाक फिरवायची मजा दोन दिवस टिकते, मग सगळे एका आकड्यावर येऊन थांबतात आणि चाकाला हात लावत नाहीत.

आणि व्होल्टेज वाढवलं की चव वाढते हा भ्रम काढून टाक. गॅस मोठा केला म्हणून पोहे लवकर होत नाहीत, खाली लागतात. कॉइलमध्ये कापूस असतो, तो लिक्विड शोषून तारेपर्यंत आणतो. तार जास्त तापली आणि लिक्विड पोचलं नाही की कापूसच जळतो, मग ती कॉइल बदलेपर्यंत प्रत्येक झुरक्याला जळकट वास. एकदा जुनी कॉइल उघडून बघ, मधला कापूस चहाच्या गाळणीत चिकटलेल्या भुकटीसारखा काळपट झालेला दिसेल.

अजून एक, कॉइलचे ओहम बघितल्याशिवाय व्होल्टेजचा आकडा बोलण्यात अर्थ नाही. तेच ३.७ व्होल्ट १.२ ओहमला साडेअकरा वॉट होतात आणि ०.६ ला जवळपास तेवीस. व्हिडिओतला माणूस ४.५ वर ओढतोय म्हणून आपण पण ४.५, असं केलंस तर बोंबल.

तर्रीबाज

म्हणजे मिसळीत तर्री वेगळी मागून घ्यायची सोय, एवढंच ना?
तारीख का ढकलतायत ते सांगतो. इथे निकोटीनचं नवीन व्हेप किंवा लिक्विड विकायला आणायचं तर सहा महिने आधी एमएचआरएला (इथली औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) कळवावं लागतं. चीनमध्ये निघतं, अमेरिकेतले लोक रिव्ह्यू टाकून मोकळे होतात आणि आपल्याकडे ‘लवकरच येत आहे’ची पाटी. त्यात टाकी २ मिलीचीच, निकोटीन एका मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे कधी कधी इथल्यासाठी टाकी वेगळी बनवतात. दुकानदाराने आधीच पैसे का घेतले ते मात्र त्यालाच विचार.

ठाण्याचा_वकील

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आणू नका. अजिबात नको.

भारतात २०१९ चा कायदा आहे, सप्टेंबरात वटहुकूम आला आणि डिसेंबरात कायदा. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळं बंद. साठवण सोडली तर बाकीच्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. लोक म्हणतात ‘ओढणं’ कायद्यात लिहिलेलं नाही, बरोबर आहे, पण तुम्ही ते विमानतळावरून आत आणलं की आयातीत बसतं, आणि मग स्वतःसाठी एकच आहे हे कस्टमच्या टेबलासमोर उभं राहून समजावत बसा. सुट्टीचे पंधरा दिवस असतात, त्यातला एक पण तिथे घालवू नये. पानपट्टीवर मिळतात हे मला पण माहीत आहे, त्याने कायदा बदलत नाही.

लेस्टरची_मावशी

मी इथे नर्स आहे, म्हणून आधीच सांगते, मला त्या चाकाचं कौतुक नाही. बाळा, तू सगळं लिहिलंस, फक्त एक लिहिलं नाहीस. पाच आठवडे झाले पैसे भरून, पॉड तर तुला आवडत नाही. मग आत्ता काय ओढतोयस?

रेडिंगचा_रांगडा

मावशी, पकडलंत.

पॉडची कॉइल महिन्यापूर्वी जळली. नवीन घेतली नाय, म्हटलं आता नवीन डिव्हाइस येतंयच तर याच्यावर कशाला पैसे घालवायचे. मग एक दिवस स्टेशनवर गाडी लेट होती, समोरच्याकडून एक मागितली. मग पाकीट. आत्ता तिसरं चालू आहे. बायकोला माहीत नाय, घरात शिरायच्या आधी बसस्टॉपवर बडीशेप खातो.

लेस्टरची_मावशी

बडीशेपेने काही होत नाही, तिला कळलेलं आहे, ती बोलत नाही एवढंच.

तीन-चार पौंडाची कॉइल वाचवायला सोळा-सतरा पौंडाला एक अशी तीन पाकिटं आणलीस, हा कुठला कोल्हापुरी हिशोब? आज जा आणि कॉइल आण. लावल्यावर पॉड भरून दहा मिनिटं तशीच ठेव, कापूस भिजू दे, नाहीतर ही पण पहिल्याच झुरक्याला जाळशील. शिवाय तुमच्या भागातल्या सिगरेट सोडवणाऱ्या सेवेला फोन कर, फुकट असते, ते निकोटीनचे पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) पण देतात. भारतात जाशील तेव्हा पॅच लावूनच विमानात बस, आणि तिथे २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मेडिकलमध्ये मिळतं. भराभर चघळायचं नाही, दोनदा-चारदा चावून तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं.

व्हेप निर्धोक आहे असं कोणी समजू नका, पण धूर ओढणाऱ्याने त्यावर जावं हे मी माझ्या पेशंटना सांगते. जो काहीच ओढत नाही त्याने या चाकाच्या नादाला लागूच नये, माझा भाचा फक्त वासासाठी म्हणून लागला आणि आता उशाशी घेऊन झोपतो.

तर्रीबाज

ते जास्त व्होल्टेजला फॉर्मल्डिहाइड (कॅन्सरला कारण ठरणारं रसायन) तयार होतं म्हणतात ते खरं का? की ती पण अफवा?

ओहमशांती

अफवा नाही, अर्धी गोष्ट. २०१५ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचं पत्र आलं होतं, ३.३ व्होल्टला सापडलं नाही आणि ५ व्होल्टला भरपूर सापडलं. त्यावर बराच दंगा झाला, कारण त्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे कापूस जळणारच, आणि खरा माणूस तो झुरका खोकून थुंकेल, मशीन थुंकत नाही. पण म्हणून ते पत्र फेकून देऊ नका, त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की जळकट लागलं तर ‘थोडं सहन करू’ म्हणत ओढायचं नाही, लगेच खाली आणायचं. जीभ हा आपला मीटर आहे.

रेडिंगचा_रांगडा

कॉइल आणली. मावशींनी सांगितल्यासारखी दहा मिनिटं ठेवली, खरं सांगायचं तर आठ. संध्याकाळी चव उतरतेच, पण आता कारण माहीत झाल्यामुळे चिडचिड कमी होते, जेवायच्या वेळी चार्जला लावतो. पाकिटात सहा उरल्या होत्या, त्या ऑफिसातल्या एकाला दिल्या, तो म्हणाला थँक्यू, मला वाईट वाटलं.

आणि दुकानाचा मेल आला आत्ता, चौथी तारीख, पुढच्या महिन्याच्या शेवटी. ऑर्डर रद्द नाय केली. एवढे व्हिडिओ बघितलेत, बघू तर एकदा हातात घेऊन. दिवाळीला जाताना इथे ड्रॉवरमध्येच ठेवून जाणार, वकीलसाहेब निश्चिंत राहा.

ओहमशांती

आलं की सगळ्यात खालच्या आकड्यावर सुरू कर आणि ०.१ ने वर जा, चव बसली की थांब. आणि खिशात टाकायच्या आधी पाच वेळा बटण दाबून बंद करायचं, बाहेर काढलं की ओढायच्या आधी चाक कुठे आहे ते बघायचं. माझ्याकडच्या एकाचं चाक जीन्सच्या खिशात आपोआप फिरून शेवटाला गेलं होतं, मीटिंगमधून बाहेर येऊन पहिला झुरका घेतला आणि रिसेप्शनवरची बाई पाणी घेऊन धावली.