२५ चौरस मीटरमध्ये कापूस कुठं ठेवायचा?

भाऊ, ‘घराच्या किमान आकाराचा नियमच काढून टाका, लहान घर कुणाला हवं ते बाजार ठरवेल’ हे तुमचं म्हणणं शहरात नोकरी करणाऱ्या एकट्या पोरापुरतं पटतं. त्याला झोपायला खोली मिळाली की झालं.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात फ्लॅटचा बाजारच नाही, नियम मात्र आहे. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. आधीच्या इंदिरा आवास योजनेत २० होतं. २५ म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. कागदावर हे ‘किमान’, पण सपाट भागात योजनेचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. त्यात वाढीव खोली कोण काढणार? किमान तेच कमाल होऊन बसतं.

वेचणी सुरू झाली की भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरतात. मग माणसं ओसरीत, म्हातारा अंगणात. पऱ्हाटी, तुराटी (कापसाच्या, तुरीच्या वाळक्या काड्या), ढोरं बाहेरच. म्हणजे घर खरं तर अंगणासकट मोजायला हवं, आणि ते कोणत्याच नियमात बसत नाही. (उन्हाळ्यात तर टिनाखाली दुपारी कुणी बसतच नाही, निंबाखाली बसतात.)

शहरातल्या २६९ फुटाला हे अंगण नसतं. तिथला किमान आकाराचा नियम काढून टाकाच म्हणणाऱ्यांनी एवढं धरून बोलावं.