कॅस्टरची जोडी सुटते, मग राजन्यची का नाही?

प्रश्न:
माझी 70 मि.मी.ची भिंगाची दुर्बीण आहे, नाभीय अंतर 700 मि.मी. आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) 25 आणि 10 मि.मी.चे, शिवाय वर्धन दुप्पट करणारं बार्लो भिंग. पुनर्वसूतला कॅस्टर पहिल्याच रात्री 70 पटीत सुटला, म्हणजे जोडीतले दोन तारे वेगळे दिसले. दोन पांढरे ठिपके आणि मधे काळी फट, इतकी स्वच्छ की झोपलेल्या मुलीला उठवून दाखवली. तिथलं अंतर साधारण साडेपाच विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). मृगातल्या राजन्यचं (रायगेल) साडेनऊ, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरी तीन आठवडे झाले, झगझगीत एकच तारा दिसतोय आणि भोवती थरथरणारे किरण. 140 पटीवर नेलं की किरणच मोठे होतात. 116 भागिले भिंगाचा मि.मी.मधला व्यास या सूत्राने माझ्या दुर्बिणीला 1.7 विकलांची जोडीही सुटायला हवी. भिंगात दोष असेल का?

उत्तर 1:
भिंग उत्तम आहे. कॅस्टरमधली ती काळी फट खराब भिंगातून दिसलीच नसती.

116चं ते सूत्र डॉझ या निरीक्षकाचं, आणि ते साधारण सारख्या तेजाच्या जोड्यांसाठी आहे. कॅस्टरचा जोडीदार मुख्य ताऱ्याहून जेमतेम तिप्पट मंद. राजन्य 0.1 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आणि त्याचा जोडीदार 6.8च्या आसपास, म्हणजे जवळपास पाचशे पट मंद! अंतर पुरेसं आहे, पण तो उजेडात बुडतो. व्याधाचं बघा: तिथे सध्या अकरा विकलांच्या आसपास अंतर आहे, पण फरक दहा हजार पटींचा. तो जोडीदार 1862 साली अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला दिसला तो साडेअठरा इंची भिंगातून. 70 मि.मी.वर व्याधाच्या नादी लागू नका.

राजन्यचा मात्र सोडू नका. मला 60 मि.मी.तून तो दिसायला दोन हंगाम लागले, कारण मी ताऱ्याच्या चारी बाजूंना शोधत बसायचो. दुर्बीण स्थिर ठेवा आणि राजन्यला सरकू द्या. तो ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम. जोडीदार दक्षिणेला आहे, किंचित पश्चिमेकडे झुकलेला. म्हणजे सरकण्याच्या रेषेला जवळजवळ काटकोनात, जरासा पुढे. डायगोनलमुळे (आयपीसआधीचा काटकोनी आरसा) डावं-उजवं उलटतं, म्हणून दक्षिण कुठली ते नळी थोडी हलवून आधी ठरवा. मग फक्त तेवढ्याच जागी बघा.

उत्तर 2:
वरच्या उत्तराशी सहमत, पण वेळही महत्त्वाची. फेब्रुवारीअखेर संधिप्रकाशातच राजन्य मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वात उंच असतो. आकाश पूर्ण काळं व्हायच्या आत बघा, तेव्हा ताऱ्याची झगमग कमी वाटते. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा. घरातून आणून लगेच डोळा लावला तर ते थरथरणारे किरण दिसणारच. आणि 140 पट वाईट नाही, पण हवा शांत असेल त्या रात्रीच. एरवी 100 पट पुरे. जमल्यास 7 मि.मी.चा आयपीस कुणाकडून मागून आणा.

प्रश्नकर्ता:
दिसला! 7चा आयपीस मिळाला नाही, 10 मि.मी.वर बार्लो लावूनच पाहिलं. दुर्बीण तासभर बाहेर होती, आकाश अजून निळसर. दक्षिणेची जागा ठरवली आणि तिथेच नजर ठेवली. दहा मिनिटं काही नाही. मग हवा क्षणभर थांबली आणि ताऱ्याभोवती दिसणाऱ्या पहिल्या प्रकाशकड्याच्या बाहेर, टाचणीच्या टोकाएवढा एक राखाडी-निळा ठिपका. दोन सेकंद. गेला. परत आला, त्याच जागी. जागा बदलली नाही म्हणून खात्री पटली. वहीत सरकण्याचा बाण काढून ठिपका नोंदवलाय.

आता काय बघू?

उत्तर 1:
कन्येतला पोरिमा. दोन्ही तारे साडेतिसऱ्या प्रतीचे, अगदी सारखे, 169 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी. 2005च्या सुमारास ते इतके जवळ आले होते की अर्ध्या विकलेचंही अंतर उरलं नव्हतं, लहान दुर्बिणीत एकच तारा. आता तीन विकलांच्या पुढे गेलेत. 140 पटीवर तुम्हाला सुटेल. वहीत तारीख टाका आणि दर वर्षी चित्र काढा.