बांधावरची काटेरिंगणी उपटावी की राखावी?

रानवाट: "काटेरिंगणी, डोरली, कामोनी, धोतरा ही वांगीकुळातील विषारी झुडपे बांधावरून समूळ काढावीत, वांग्याचे वाण शीतपेढीत सुरक्षित आहेतच," असे 'नांगरट' यांनी काल येथे लिहिले आणि ते वाचून गप्प बसवेना. मिरची, टोमॅटो व बटाटा अमेरिकेतून आले, पण वांगे इथल्या मातीतले आहे आणि त्याचे रानटी भाऊबंद आजही पडीक रानात उगवतात. काटेरिंगणी आणि डोरली दशमुळांत, म्हणजे आयुर्वेदातील दहा औषधी मुळांत मोडतात, आणि औषधाला मूळच लागत असल्याने खणले की झाड संपते. उणे 18 अंशांवर बी जिवंत राहते हे मान्य, पण बांधावरचे झाड दरसाल नवा पाऊस आणि नवी कीड सोसत बदलत जाते, तसे डबीतले बी बदलत नाही.

नांगरट: आपले पोट शेतीवर नसावे. टोमॅटोवरचे विषाणू कामोनीवर आणि धोतऱ्यावर तग धरतात, पांढरी माशी तेच पुन्हा पिकात आणते, आणि माझा अर्धा प्लॉट त्यात गेला. शिवाय माझ्या पुतण्याने लहानपणी धोतऱ्याचे बी खाल्ले होते. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे, सख्ख्या आईलाही तो ओळखत नव्हता. ती रात्र ज्याने काढली, त्याला जैवविविधता शिकवू नये.

खानदेशकर: विषय वांग्याचा निघालाच आहे, तर जळगावच्या भरिताच्या वांग्याविषयी कोणी का बोलत नाही? त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण गेल्या वर्षी एका दुकानातून तेच बी म्हणून घेतलेल्या पुडीतून जांभळी संकरित वांगी निघाली. माझी आजी पहिल्या तोड्यातले निरोगी फळ झाडावरच पिवळे पडू देई, त्याचा गर पाण्यात चोळून तळाशी बसलेले बी राखेत घोळवी आणि सावलीत वाळवी. त्या फिक्या हिरव्या वांग्याचे भरीत घशाखाली लोण्यासारखे उतरे.

नांगरट: आजीच्या बियाण्याने माझे कर्ज फिटले नसते, संकरित वांग्याने फिटले.

खानदेशकर: फिटले असेल, पण दरवर्षी दुकानाच्या पायरीशी कोण उभे राहते? बीटी वांग्यावर, म्हणजे किडीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या वांग्यावर, नागपुरात जनसुनावणी झाली आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती मिळाली, ती याच धास्तीपोटी.

रोपवाटिका: धास्ती फक्त दुकानाची नव्हती. वांग्याचे परागीकरण मधमाश्याही करतात, त्यामुळे नवे जनुक रानवांग्यात शिरेल, हा आक्षेपही तेव्हा होता. आता मूळ प्रश्नाकडे येतो. मर रोगाने वांगी उभी सुकतात, तेथे आम्ही रानटी वांगीकुळाच्या खुंटावर कलम केलेली रोपे देतो. परवाच एक झाड उपटून पाहिले. वर फळांनी वाकलेली फांदी, खाली मनगटाएवढे रानटी खोड आणि मुळे पांढरीशुभ्र. 'नांगरट' ज्याला तण म्हणतात, त्याच्याच गोतावळ्यातून ते खोड आले आहे.

रानवाट: टोमॅटोलगतची कामोनी काढावी, हे मला मान्य करावे लागेल, विषाणूचा मुद्दा खोटा नाही. परंतु एका प्लॉटसाठी सगळा शिवार साफ करणे मला पटत नाही.

नांगरट: कलमी रोपे मीही लावली आहेत, खुंट कोठला, हे मात्र विचारले नव्हते. ओढ्याकडच्या बांधावरची डोरली आणि काटेरिंगणी यंदा राहू देतो. धोतरा मात्र माझ्या आवारात दिसला की उपटणारच, त्यावर वाद नको.