मदत हवी आहे: मुलीची फी माफी आणि कॉलेजची पावती

नमस्कार मंडळी. लेकीला कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळालंय, सरकारी नाही, खाजगी कॉलेज. आम्ही ओबीसी, किराणा दुकान, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या बराच आत. नॉन-क्रीमीलेअरही काढून ठेवलंय. 2024 च्या जीआरप्रमाणे अशा मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे, हे आम्हाला माहीत आहे. कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनाही माहीत आहे! तरी त्या म्हणतात, "आधी पूर्ण भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) आले की परत देऊ." लेखी द्या म्हटलं, तर "असं लेखी कुणालाच देत नाही."

आता दुकानातला माल उचलायचा की फी भरायची? कुणाच्या मुलीचं असं झालंय का? तक्रार कुठे केलीत, तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात की आणखी कुठे? आणि मुख्य म्हणजे, तक्रार केल्यावर पोरीला चार वर्षं त्रास तर नाही ना झाला? आमच्या ह्यांना तीच धास्ती आहे. डेव्हलपमेंट फी मात्र भरावीच लागते ना?

अजून एक. तिचं आधार शाळेतल्या शिष्यवृत्तीच्या जुन्या खात्याला लिंक आहे. पासबुकावर अजून 'अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), पालक: आजोबा' असंच छापलंय, आणि आजोबा आता नाहीत. महाडीबीटीचा पैसा आधार लिंक असेल त्याच खात्यात जातो. मग आधी हे खातं तिच्या नावे करून घ्यायचं, की दुसरं उघडून आधार तिकडे वळवायचं? बँकेत प्रत्येक टेबल वेगळं सांगतं.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज. ऐकीव माहिती भरपूर झालीय.