चाकण–श्रीपेरंबुदूर फेरी ३६ तासांत: ड्रायव्हरच्या तासांचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न – मालवाहू_चाकण

नमस्कार मंडळी. पाच गाड्या आहेत, सगळ्या नॅशनल परमिटच्या, ड्रायव्हर सात. नवीन पार्टी चाकणहून चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरला सुट्या भागांचं नियमित भाडं द्यायला तयार आहे. अंतर साधारण ११७५ किमी. त्यांची अट अशी की गेटमधून गाडी सुटल्यापासून ३६ तासांत माल पोचला पाहिजे, उशीर झाला की भाड्यातून कपात.

तीन शंका आहेत. एका ड्रायव्हरवर हे कायद्यात बसतं का? ई-वे बिलात (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात) दिवसाला २०० किमी धरतात, मग ड्रायव्हरनेही तेवढंच चालवायचं असा नियम आहे का? आणि भरतीला, म्हणजे माल चढवायला, गाडी सहा-आठ तास खोटी होते (खोळंबते), तो वेळ ड्रायव्हरची ड्युटी की आराम?

उत्तर १ – कायद्याचा_कीस

ई-वे बिलाचं आधी उरकून टाकतो. दर २०० किमीला एक दिवस ही कागदाची मुदत आहे, ड्रायव्हरच्या कामाशी तिचा काही संबंध नाही. ११७५ किमीला सहा दिवस मिळतात. पार्ट बी मध्ये, म्हणजे बिलातल्या गाडीच्या तपशिलाच्या भागात, गाडी नंबर पहिल्यांदा पडला की मुदत सुरू होते आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी नंबर टाकला तर बिल रविवारी रात्री बारापर्यंत चालेल. वाटेत गाडी बसली आणि माल दुसऱ्या गाडीत घेतला तर पार्ट बी बदलायचा. मुदत वाढवायची सोय संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास एवढीच असते. या फेरीत बिल तुम्हाला अडवणार नाही.

अडवतात ते कामाचे तास. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पर्यंत) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या मार्गावर संबंधित अधिकाऱ्याची मंजुरी असेल तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४, त्यापुढे नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुट्टीपर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत. आजची ड्युटी संपल्यावर उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे.

हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत गेला. दिवसाला ८ तास हा मूळ आकडा तिथेही तोच आहे. 'माझे कामगार कमी, मला लागू नाही' असं बरेच मालक म्हणतात. १९६१ च्या कायद्याची मर्यादा पाच कामगारांची होती, म्हणजे तुमचे सात ड्रायव्हर त्यात येतच होते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास व्यावसायिक गाडी चालवणाऱ्या कोणालाही लावले होते, तिथे कामगारांची संख्या विचारलेली नाही. तेव्हा गाड्या कमी म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका.

खोटीचा वेळ: जेवढा वेळ माणूस मालकाच्या किंवा पार्टीच्या हुकमाखाली आहे तेवढं काम. डॉकवर (माल चढवायच्या फलाटावर) रांगेत गाडी पुढे घेणं, ताडपत्री, दोरी, वजनकाटा, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) हे सगळं त्यात आलं. गाडीपाशी थांबावं लागलेला वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती धरायचा, हे ठरवायचा अधिकार कलम ९१ नेच राज्य सरकारला दिला आहे. आपण आपल्या मनाने तो आराम धरायचा नाही.

उत्तर २ – घाटमाथा

आता गणित. स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) ८० ला लागलेला, चौपदरी महामार्गावर मालगाडीची मर्यादाही ८०. तरी खंबाटकी, टोल, सातारा–कोल्हापूर पट्ट्यातली रस्त्याची कामं आणि बेंगळुरूचा फेरा धरला की भरलेल्या गाडीची सरासरी ४३ च्या वर धरू नका. ११७५ भागिले ४३ म्हणजे सव्वासत्तावीस तास नुसतं स्टिअरिंग.

एक ड्रायव्हर, १० तासांची ड्युटी, त्यातले साडेनऊ चालवायचे: दिवसाला सुमारे ४१० किमी. पहाटे पाचला चाकण सोडलं तर पहिला मुक्काम कित्तूरच्या आसपास, दुसरा तुमकूरजवळ, तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच-तीनला श्रीपेरंबुदूर. ५८ तास झाले. मंजुरी नसेल, आठच तास चालवायचं असेल, तर चौथा दिवस उजाडतो.

दोन ड्रायव्हर, पहाटे पाच ते रात्री दहा गाडी चालू, मध्ये दीड तास थांबे: ६६५ किमी, म्हणजे चित्रदुर्ग. तिथे सात तास गाडी उभी, दोघंही झोपलेले. पहाटे पाचला निघून उरलेले ५१० किमी संध्याकाळी सहा-साडेसहाला संपतात. तरी ३७-३८ तास झाले! आणि यात पंक्चर नाही, बंद घाट नाही, चालत्या केबिनमधला आराम आपण निमूटपणे आराम धरलाय. तिथली झोप ही खरी झोप नव्हे, दर धक्क्याला मोडते. पार्टीकडे दोन ड्रायव्हरला ४२ तास आणि एका ड्रायव्हरला ६४ तास मागा. त्याखाली सही करू नका.

मालवाहू_चाकण

पण बाकीचे ट्रान्सपोर्टवाले एका ड्रायव्हरवर ३६ तासांत नेतातच की.

उत्तर ३ – रात्रपाळी_नको

नेतात, आणि ते कसं होतं तेही बघा. माणूस सकाळी आठला गेटवर हजर, संध्याकाळी सातपर्यंत रांगेत, आठला सुटका. पार्टीचे ३६ तास इथून सुरू होतात, पण ड्रायव्हरचं शरीर बारा तास आधीच सुरू झालेलं असतं. पहाटे तीनला तो निपाणीच्या पुढे, एकोणीस तास जागा. रस्ता सरळ, रहदारी तुरळक, आणि दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात सुस्त वेळ. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटर आंधळे. महामार्गावर कडेला उभ्या ट्रकला मागून ठोकर बसते ती अशी, ब्रेकचा डागही नसतो रस्त्यावर.

चहा-तंबाखू-खिडकी उघडी यांनी झोप जात नाही, फक्त थोडा वेळ पुढे ढकलली जाते. उपयोग होतो तो चहा पिऊन लगेच वीस मिनिटं आडवं होण्याचा. अर्ध्या तासाच्या वर गेलं की उठल्यावर डोकं जड, मग पंधरा मिनिटं स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

खरा उपाय भरतीच्या जागी आहे. लाइनच्या (लांब पल्ल्याच्या) ड्रायव्हरला डॉकवर पाठवूच नका. चाकणला एक लोकल ड्रायव्हर ठेवा. तो गाडी लावेल, भरेल, काटा करेल, बिल्टी आणि ई-वे बिल तपासून गाडी पार्किंगला आणेल. लाइनचा माणूस रात्रभर घरी झोपून पहाटे पाचला थेट स्टिअरिंगवर. नाहीतर हिशोब बघा: आठला हजर, चारला भरती संपली, दहातले आठ तास गेले. उरलेल्या दोनात चाकण–पुण्याची गर्दी काढून खेड शिवापूर ओलांडलं तरी पुष्कळ.

पार्टीची मुदत गेटमधून सुटल्यापासून मोजली जाते, ती पहाटे पाचपासून धरायची हे करारात घाला. रात्री पार्किंगला गेलेले तास नाहीतर तुमच्याच गळ्यात येतील. खाली करायच्या टोकालाही पार्टीला स्लॉट मागा.

उत्तर ४ – घाटमाथा

वरच्याशी सहमत. करारात अजून दोन ओळी: गेट इन आणि गेट आउटची वेळ बिल्टीवर शिक्क्यासह लिहायची, आणि ठरलेल्या तासांच्या वर गाडी खोटी झाली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे. शिक्का नसेल तर हॉल्टिंगचं बिल कोणी पास करत नाही. लवकर पोचल्याचं बक्षीस ड्रायव्हरला देऊ नका, त्याने तो फक्त झोप विकतो. भत्ता फेरीचा ठेवा, मुक्कामाचे पैसे वेगळे.

मालवाहू_चाकण

दोन गाड्या समोरासमोर येताना हुबळीला ड्रायव्हर बदलले तर? प्रत्येक जण आपल्या बाजूला परत.

उत्तर ५ – कायद्याचा_कीस

कल्पना चांगली, पण हुबळी चाकणहून ४६० किमी, म्हणजे पावणेअकरा तास. दहात बसत नाही. कित्तूर धरा. आणि तिथून श्रीपेरंबुदूरपर्यंत साडेसातशेच्या वर किमी उरतात, त्यामुळे दुसरी अदलाबदल तुमकूरला लागेल. परतीचं भाडं वेळेवर मिळत नसेल तर समोरची गाडी येतच नाही आणि इकडचा माणूस ढाब्यावर अडकतो. म्हणून परतीचा माल पक्का झाल्याशिवाय हे सुरू करू नका. अदलाबदलीच्या वेळी पाच मिनिटांत टायरची हवा, ब्रेक एअर प्रेशर, ताडपत्री, सील नंबर, फास्टॅगमधली शिल्लक आणि डिझेल दोघांनी मिळून बघायचं आणि वहीत दोघांची सही. सील तुटलेलं निघालं तर कोणाच्या हातात तुटलं यावरून नंतर भांडण होतं.

बेंगळुरूला तुमकूर रोडवरून नाइस रोडने (शहराबाहेरच्या टोल रस्त्याने) होसूर रोडला उतरा, शहरात शिरू नका. जड वाहनांच्या नो एंट्रीच्या वेळा तिथले वाहतूक पोलीस बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.